माझ्या अक्षरातला चौकोन

आधी माझा गाढवपणा सांगून टाकते, मग पुढचं. सहा वर्षं मी बारावी कॉमर्सच्या पोरांना चुकीचं गणित शिकवलं. छातीठोकपणे. आणि चूक कळली तेव्हा ती दुसऱ्याच्या गळ्यात मारली.

इथे लोक हडळी, चकवे, विहिरीवरच्या बायका असं काय काय लिहितात. मी वाचते आणि हसते. भूतबीत मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. माझ्या अनुभवात भूत नाहीच. जी बाई आहे ती... मीच आहे. तिथंच तर सगळा घोळ आहे.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. कल्याण-भिवंडी रस्त्यावरच्या कोन गावात आमची तीन मजली बिल्डिंग. पहिल्या मजल्यावर डावीकडचं दार माझं, उजवीकडचं आपांचं, म्हणजे शेजारच्या मुसलमान बाईंचं, पोरं त्यांना आपा म्हणायची म्हणून मीही म्हणायचे. मध्ये चार पावलांचा पॅसेज. दोघी घरीच गणिताच्या ट्युशन घ्यायचो. कोणाकडे किती पोरं आहेत हे बघायला आत डोकवायची गरजच नव्हती, बाहेरच्या चपला मोजल्या की झालं. आणि मी मोजायचे! बावन्न वर्षांची बाई, दाराच्या छोट्या काचेला डोळा लावून शेजारणीच्या दारातल्या चपला मोजते आहे... तेव्हाची मी आज समोर आली तर तिच्या डोक्यात एक टपली घालीन.

आपा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. आवाज कधी चढायचा नाही. मराठी-हिंदी मिसळून शिकवायच्या आणि त्यांच्या खोलीतून पोरांच्या हसण्याचे आवाज यायचे. गणिताच्या तासाला हसतात कशाला? माझ्याकडे पोरं हसायची ती फक्त मला शिंक आली की.

आता ज्यांनी गणित सोडलंय त्यांच्यासाठी थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. समीकरणाचा ग्राफ काढला की नुसती रेषा येते. पण ‘बरोबर’च्या जागी ‘पेक्षा लहान’ किंवा ‘पेक्षा मोठं’ आलं, म्हणजे इनइक्वॅलिटी आली, की रेषेची एक अख्खी बाजू उत्तर असते. ती बाजू पेन्सिलीने रंगवायची. अशा दोन-तीन एकत्र दिल्या तर सगळ्यांचं रंगवलेलं जिथं एकावर एक येतं, तेवढा तुकडा उत्तर. प्रश्न एकच – रंगवायची कोणती बाजू?

माझा नियम होता : लहानचं चिन्ह दिसलं की रेषेच्या खाली, मोठ्याचं दिसलं की वर. सुटसुटीत! पुस्तकात बहुतेक ठिकाणी एक्स अधिक वाय असायचं, तिथं हे बरोबर यायचं. सहा वर्षं खपून गेलं. आपा मात्र पोरांना दर वेळी शून्य-शून्य हा बिंदू घालून बघायला लावायच्या. खरं निघालं तर त्याची बाजू, खोटं निघालं तर पलीकडची. मी पोरांसमोर म्हणायचे, “ज्यांचा स्वतःवर भरवसा नसतो ना, ते असं तपासत बसतात.” काय तो तोरा!

तोरा वाढला तशी पोरं घटली. त्या वर्षी बारावीची एकच पोरगी उरली माझ्याकडे, वळ गावची प्रणाली. गणितात एकदा नापास झालेली. तिच्या बापाने सांगून ठेवलं होतं, या खेपेला गेलीस तर पुस्तकं बंद, आत्याबरोबर गोडाऊनला पॅकिंगच्या ड्युटीवर जायचं. पोरीला बँकेच्या परीक्षा द्यायच्या होत्या. रोज शेअर रिक्षाने यायची, दारात तिची एकटीची चप्पल.

बोर्डाच्या पेपरच्या आठवडाभर आधी ती कॉलेजच्या सराव परीक्षेचा पेपर घेऊन आली. गणित होतं – एक्स अधिक वाय हे सहापेक्षा लहान किंवा बरोबर, एक्स वजा वाय हे दोनपेक्षा लहान किंवा बरोबर, आणि एक्स, वाय दोन्ही शून्याच्या खाली जायचे नाहीत.

“मॅडम, माझा त्रिकोण आलाय. आपांच्या पोरांचा सगल्यांचा चौकोन हाय.”

“मग?”

“त्यांना पुरे मार्क हायेत. मला एक पण न्हाय.”

ती गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि गुपचूप शून्य-शून्य घातला. शून्य वजा शून्य म्हणजे शून्य, दोनपेक्षा लहान. खरं! म्हणजे शून्याची बाजू रंगवायची. आणि शून्य होता रेषेच्या वर. लहानचं चिन्ह, आणि उत्तर वर! वायच्या मागे वजा होता, त्याने माझा नियमच उलटा केला होता. सहा वर्षांतली किती पोरं डोळ्यांसमोरून गेली, काय सांगू.

आणि दुसऱ्या दिवशी त्या पोरीला मी काय सांगितलं? “तपासणाऱ्याची चूक आहे. तू आपली खालीच रंगव.”

का, तर खरं सांगितलं असतं तर आपा बरोबर ठरल्या असत्या. पोरगी चार पावलं चालून पलीकडे गेली असती. ती गोडाऊनला गेली तरी चालेल पण समोरच्या दारात जायला नको, असा विचार मी शब्दांत केला नव्हता. पण केला होता.

पेपर शनिवारी. शुक्रवारी माझ्या भाचीचा साखरपुडा होता पडघ्याला. सकाळी नऊला मी आणि हे निघालो. घराला कुलूप. माझी ग्राफची वही कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. दुपारी दोन वाजता मी पंगतीत बसले होते, पन्नास माणसांत. जिलेबीचे नुसते तुकडे करत होते. मोठी नणंद म्हणाली सुद्धा, “काय गो, साखरपुडा तुझा हाय का तिचा? तोंड बघ कसं झालंय!” मला सारखा तो त्रिकोण दिसत होता. एकदा वाटलं, उठावं, रिक्षा करावी आणि जावं. नाही उठले. संध्याकाळी सातला घरी परतलो. सगळं जागच्या जागी होतं.

निकाल लागला त्या दिवशी प्रणाली पेढे घेऊन आली. पास! चांगली पन्नासच्या वर. आली ती माझ्या पाया पडली.

“मॅडम, तुमी शुक्रवारी आला नसतात तर मी गेलीच होती. तसंच गणित आलतं!”

“मी? कुठे आले?”

“असं काय करता? मी दुपारी वही न्यायला आली, तर तुमी दारातच उभ्या. माझा हात धरला आन् सरळ आपांकडं नेलात. न्हाय का?”

मला वाटलं पोरगी हुरळली आहे. तिने मला ओढतच पलीकडे नेलं. आपांच्या घरात मी तेव्हा पहिल्यांदा पाऊल टाकलं... निदान माझ्या हिशेबाने पहिल्यांदा.

आपा म्हणाल्या, “या मॅडम. तुमचा कागद इथंच राहिला होता, सांभाळून ठेवलाय.”

ग्राफचा कागद. त्यावर दोन रेषा, ठळक. एका इनइक्वॅलिटीची छाया तिरप्या बारीक रेघांची, ती आपांची. दुसरीची छाया उभ्या रेघांची. तशा उभ्या रेघा कोनमध्ये मी एकटीच मारते. अक्षांचे बाण माझे, माशाच्या गळासारखे वाकडे. सातच्या पोटात आडवी रेघ, ती माझी. दोघींच्या रेघा जिथं एकमेकींवरून गेल्या होत्या, तिथं चौकोन. स्वच्छ, बरोबर चौकोन. आणि खाली माझ्या अक्षरात एक ओळ : ‘शून्य स्वतःच रेषेवर बसला असेल तर त्याला विचारू नये, बाजूच्या बिंदूला विचारावं.’

आता ऐका. ही ओळ बरोबर आहे. रेषा शून्यातूनच जात असेल तर तो बिंदू काही सांगू शकत नाही, दुसरा घ्यावा लागतो. पण हे तेव्हा मला माहीत नव्हतं! मी ते त्या कागदावरून शिकले.

घरी येऊन कपाट उघडलं, वही काढली. मधलं एक पान फाडलेलं. आपांकडचा कागद लावून बघितला, फाटलेली कड कडेला जुळली.

मी आडून आडून आपांना विचारलं, मी काय काय बोलले त्या दिवशी. आपा खुशीत सांगू लागल्या. शुक्रवार, दुपारचे दोन, आसपासचे कापडाचे लूम सुट्टीमुळे बंद, सगळीकडे शांत. मी आत आले, खुर्ची सोडून सरळ जमिनीवर बसले. म्हणाले, “आपा, माझं चुकलं. हिला दोघी मिळून दाखवू.” दीड तास बसले. दोनदा चहा मागून घेतला. त्यांच्या हातची नानखटाई खाल्ली आणि रेसिपी विचारली. पोरीला असं काही हसवलं की आपांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या सांगत होत्या आणि मी आतून जळत होते. आपांवर जळायची मला सवय होती, त्यात नवीन काही नव्हतं. पण आता मी त्या बाईवर जळत होते! माझ्याच तोंडाची, माझ्याच साडीतली, आणि मला सहा वर्षांत जमलं नाही ते तिने दीड तासात केलं. माफी मागितली, पोरीला वाचवलं, वर नानखटाईही खाल्ली. तिला हसवता येत होतं. मला का नाही?

दोन दिवस मी गप्प राहिले. प्रणाली बिल्डिंगभर माझं कौतुक सांगत फिरत होती, खालच्या बायका जिन्यात थांबवून म्हणत होत्या, “केवढं मोठं मन हो मॅडम तुमचं!” ऐकून घेत होते. गोड लागत होतं आणि बोचतही होतं. गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं. पण त्या बाईच्या पुण्याईवर मी किती दिवस मिरवणार? आणि उद्या ती परत आली तर?

तिसऱ्या दिवशी भाचीच्या साखरपुड्याचे रखडलेले फोटो एकदाचे आले. पंगतीतला फोटो घेतला, चार पावलं चालले आणि आपांची बेल दाबली. सगळं सांगितलं. माझा नियम, मी कळूनही बोललेलं खोटं, पडघा, दुपारचे दोन. म्हटलं, “आपा, ती मी नव्हते.”

तेव्हापासून मी पुष्कळ डोकं लढवलंय. पोरीने पान फाडलं म्हणावं तर कपाट बंद होतं. दोघींनी मिळून रचलं म्हणावं तर मला माहीत नसलेली ओळ माझ्या अक्षरात कशी? कागद आजही माझ्याकडे आहे, कडा पिवळ्या पडल्यात. नात म्हणते, आज्जी, याला काहीतरी कारण असणारच. असेल. मला सापडलेलं नाही.

त्या दिवशी आपांनी फोटो हातात घेतला, बघितला, मला परत दिला आणि म्हणाल्या – जसंच्या तसं लिहिते – “मला त्याच दिवशी समजलं होतं मॅडम, तुम्ही नव्हता ते. ती बाई फार चांगली होती. परत कधी आली तर इकडे पाठवून द्या.”