शकूताईंची नजर

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय, तरी जीभ आडवळणं शोधतेय.

जालना एमआयडीसीत गोळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी पॅकिंगचा सुपरवायझर होतो. कायझेनचं वारं तेव्हा नवं होतं — रोज थोडी सुधारणा करा, वेळ वाचवा. मीही वाचवला. एक औषध संपून दुसरं सुरू होण्याआधी पॅकिंगच्या बायकांपैकी एकीने टेबल तपासायचं, मग दुसरीने पुन्हा. आधीची एकही स्ट्रिप मागे राहता कामा नये. मी म्हटलं, एकीने नीट बघितलं की बस. दुसरी तपासणी बंद झाली आणि माझा फोटो दारातल्या फळ्यावर लागला. आवडायचा मला तो फोटो — खोटं कशाला बोलू?

एकटीची तपासणी शकूताईंकडे आली. माझ्याच गावच्या, तीर्थपुरीच्या. नवरा गेल्यावर मीच त्यांना कामाला लावलं होतं.

एकदा मालकांनी पाहुणे आणले. ताईंनी टेबल लख्ख करून ठेवलं होतं. पाहुण्यांना दाखवायला माझ्या हातात आधीच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांची स्ट्रिप होती. बोलता बोलता ती — त्याच टेबलावर ठेवली मी. आठवलं तेव्हा तिथे व्हिटॅमिनच्या गोळ्यांचं पॅकिंग जोरात चालू होतं, ती स्ट्रिप त्यांच्याच कुठल्या तरी खोक्यात गेलेली. थांबवायचं, तर काय सांगून? फोटोतला माणूस चुकला म्हणून?

पॅकिंग चालू दिलं. कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईच्या तळहातावर ती गोळी दिसायची. तरीही कुणाला सांगितलं नाही.

शेवटी एका औषध दुकानदाराला ती स्ट्रिप सापडली, कुणाच्या पोटात जाण्याआधी. मालकांनी विचारलं. मी म्हणालो, "तपासणी शकूताईंची होती." एवढंच. स्ट्रिप कुणी ठेवली, ते सांगितलं नाही.

त्यांना काढलं. त्या भांडल्या असत्या तर — पण नाही. "माझीच नजर चुकली आसंल, दादा." मग मीच त्यांना मोटारसायकलवर डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. का नेलं? मी चांगला दिसावं म्हणून, दुसरं काय? डॉक्टर म्हणाले, नजर एकदम साफ आहे.

जिना उतरताना ताईंनी कठडा घट्ट धरला. "डोळे बराबर हायत, मंग मला दिसलं कसं न्हाई? डोकंच फिरलं का माझं?"

उत्तर माझ्याजवळ होतं. "होतं कधी कधी," म्हणालो आणि गाडीला किक मारली.

पुढे एकदा गावी त्यांच्याकडे जेवायला होतो. ताईंनी तांदूळ निवडले आणि ताट सुनेकडे सरकवलं. "तू बघ पुन्हा. माझा भरवसा न्हाई."

सून खाली बसून पुन्हा निवडू लागली. मी समोर बसून ते पाहिलं. भात झाल्यावर जेवलो.