चंपतबुवांच्या मारुतीची वेणी

तामसी गावाकडच्या आमच्या खेड्यातलं महादेवाचं देऊळ काळ्या दगडाचं, चुना न लावता दगडात दगड अडकवून उभं केलेलं. आतल्या खांबांवर छत तोलणारे ढेरपोटे यक्ष कोरले आहेत. डोळे वटारलेले, गाल फुगलेले. शेकडो वर्षं ओझं उचललं तर कुणाचंही तोंड तसंच होईल. चंपतबुवांचा चेहरा थेट त्यांच्यावर गेलेला. फरक एवढाच, की बुवांच्या डोक्यावर छत नव्हतं, ब्रह्मचर्य होतं.

देवळाच्या बाहेरच्या भिंतीत, एका कोनाड्यात त्यांचा मारुती. एक हात वर, हातात द्रोणागिरी, पाठीमागून वळून आलेली शेपटी, पायाशी राक्षस. नाकडोळे शेंदराखाली कधीच बुडालेले. शेंदूर चढवायचं काम बुवांच्या घरात आजोबांपासूनचं. मारुतीच्या सेवेपायी लग्न केलं नाही, असं बुवा सांगत. कुणी पोरगी दिली नाही, असं बयनाबाई सांगे. बयनाबाई म्हणजे माझी शेजारीण, नवरा गेल्यावर एकटीनं शेत करणारी. बुवा सगळ्याच बायांना कोनाड्यापासून लांब ठेवत, पण हिच्या पदराचा वारा लागला तरी कोनाडा धुऊन काढत. मीही लांबूनच हात जोडत आले. देव आपलाच आहे, राखणदाराशी कशाला भांडा.

यंदाच्या हनुमान जयंतीला, सूर्य उगवता उगवता, बुवा नवा लेप चढवत होते. दोन्ही हातांनी जरा जोरात दाबलं आणि जुन्या शेंदराची सबंध खोळ सुटून त्यांच्या मांडीवर आली.

आत बाई होती.

देवळाच्या भिंतीवर नटणाऱ्या बाया कोरलेल्या आहेतच, ही त्यातलीच एक. द्रोणागिरी म्हणजे तिचा आरसा. शेपटी म्हणजे लांबसडक वेणी. राक्षस निघाला पैंजण बांधणारी दासी. अंगावर दागिने भरपूर, कापड मात्र नावापुरतं. पाळणा बांधलेला, सुंठवडा वाटीत तयार. बुवांनी डोळे गच्च मिटले आणि चाचपडत आपला पंचा तिच्यावर टाकला.

बयनाबाई म्हणाली, "काय वो बुवा, आमाले उभं आयुष्य हाकललं, अन् तुमी रोज आंघोळ कोनाले घालून राह्यले होते?"

मग गाव जे हसलं, ते पार पारावर जाऊन हसत बसलं.

देवस्थान कमिटीचे लक्ष्मणराव म्हणाले, फोटो बाहेर जायच्या आत पुन्हा शेंदूर फासा, म्हणजे झाला मारुती. बुवांनी नाही म्हणून मान हलवली. बाईमाणसाला मारुती कसं म्हणायचं, आणि आता कळल्यावर हात तरी कसा लावायचा? रिवाजाप्रमाणे खोळ नाल्याच्या पाण्यात सोडली. बुवा दार लावून घरात बसले. रोज उठून त्या कोनाड्यापाशी जाण्यापलीकडे त्यांना काही ठाऊकच नव्हतं, आणि लक्ष्मणराव तर भैंसा शहरातून संगमरवरी मारुती आणि त्याच्यासोबत नवा पुजारी आणायच्या गोष्टी करू लागले.

एका सकाळी मी बयनाबाईच्या अंगणात डाळ निवडत होते. कुंपणाबाहेर बुवा येऊन उभे राहिले. बोलले बयनाबाईशी, पण पाहत होते तिच्या म्हशीकडे.

"वयनी, तिच्या अंगावर अजून पंचाच हाय. बरा नाई दिसत. लुगडं कोन नेसवंन? मले तं हात लावता येत नाई."

"मी आली तं विटाळ नाई होनार?"

"तो होता तवा झाला असता," बुवा म्हशीलाच सांगितल्यासारखं म्हणाले. "आता माह्याच्यानंच होईन."

बयनाबाई हसली नाही. आत गेली आणि स्वतःचं हिरवं लुगडं घेऊन आली.

आता शुक्रवारी कोनाड्यापुढे बायांची ओटी भरायला रांग लागते. मीही जाते, अगदी जवळ जाऊन कुंकू लावते. संगमरवरी मारुतीचं नाव कुणी काढत नाही. बुवा पहाटे देवळाचं अंगण झाडतात आणि कोनाड्याकडे पाठ करून पहारा देतात. परवा लक्ष्मणराव दागिन्यांचं कोरीव काम पाहायला म्हणून जरा पुढे सरकले, तर बुवांनी झाडू आडवा धरला.

"लांबून, लक्ष्मणराव. गड्यानं जवळ जाऊ नाई."