चौथ्या वेळी उघडलेलं कुलूप

चावीवाल्याला दोन गोष्टींचा भारी नाद, अडलेली कुलपं आणि हसवणारे व्हिडिओ. कोणी चिखलात घसरलं, कोणाच्या बुडाखालची खुर्ची मोडली, की ते नात्यागोत्यातल्या बेचाळीस जणांना पाठवल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे.

त्या सकाळी एक जाहिरात आली. एक पाठमोरा टकल्या कुलूप कानाला लावून बसलेला. चावी घालतो, कुलूप उघडत नाही. कानस मारतो, पुन्हा घालतो, तरी नाही. तिसऱ्यांदाही नाहीच. मग एका बाईचं बोट ठशावर चालणाऱ्या चकचकीत कुलपाला लागतं आणि दार उघडतं. 'बोट लावा, काकांना सोडा!'

चावीवाला पोट धरून हसला. जाहिरात सगळ्यांना पाठवताना वर स्वतःचं शहाणपणही जोडलं, 'असल्या अडाण्यांमुळे आमचा धंदा बदनाम होतो.'

भाजी निवडता निवडता बायकोनं फोनमध्ये डोकावलं.

"अहो, हा शर्ट तुमचा. पाठीवरचं करडं ठिगळ मी लावलंय."

माणूस आरशात तोंड बघतो, स्वतःची पाठ कोण बघत बसलंय? चावीवाल्यानं जाहिरात पुन्हा लावून पाहिली. ठिगळ होतंच.

मग आठवलं. गेल्या महिन्यात दोन पोरं दुकानात आली होती. "काका, तुम्ही काम करा, आम्ही मागून शूटिंग करतो." यानं वर त्यांना चहा पाजला! तीस वर्षांची त्याची रीत होती, चावी एकदम खोल कापायची नाही. थोडं घासायचं, कुलूप कानाशी धरून कुठे अडतंय ते ऐकायचं, पुन्हा थोडं घासायचं. घासलेलं पितळ परत चिकटवता येत नाही. त्या दिवशी चौथ्या वेळी कुलूप उघडलं होतं, आणि त्याच मेल्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. जाहिरातीतून नेमकं तेवढंच कापलं. याला म्हणे हुशार जाहिरात म्हणतात! साध्या भाषेत याला लबाडी म्हणतात.

त्यानं तणतणत बहिणीला फोन लावला. "तुला कळलं होतं, तो मी आहे?"

"न कळायला काय झालं? सगळ्यांनीच ओळखलं. आम्हाला वाटलं, दादा स्वतःचीच थट्टा करतोय. म्हणून तर सगळे हसलो."

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. बेचाळीस जण, आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही! आणि अडाणी कोणाला म्हटलं होतं? स्वतःलाच, स्वतःच्या हातानं.

त्यानं तसलंच कुलूप काढलं, बायकोच्या हातात फोन दिला. "समोरून घे. आणि मध्ये थांबवू नकोस." एकदा, दोनदा, तीनदा अडलं. चौथ्यांदा खट्कन उघडलं. सहा मिनिटांचा व्हिडिओ त्यानं बेचाळीस जणांना पाठवला आणि दुकान न उघडता उत्तराची वाट बघत बसला.

तासाभरानं एकट्या बहिणीचा निरोप आला, 'छान आहे रे दादा. फक्त आधीचं सगळं कापून टाक, नुसतं उघडतानाचं ठेव. एवढं कोण बघतं?'