चिखलात बोललेलं

एल ग्वासिमालमध्ये कोंबडा आरवायच्या आधी नेमेसिया फ्रियास आरवायची. वीस वर्षं हा नेम चुकला नाही. पहाटे दिग्ना बादली घेऊन नळाकडे निघाली की नेमेसिया कुंपणाला टेकून उभी राही आणि खणखणीत आवाजात दोन ओळी तिच्या अंगावर फेकी. यमक जुळलेल्या, चालीत बसवलेल्या. गाव अंथरुणात पडल्यापडल्या ऐके, हसे आणि मग उठे. दिग्ना वीस वर्षांत एकदाही थांबली नाही आणि एकदाही उलटून बोलली नाही. नेमेसियाचा निम्मा संताप त्याचाच होता.

कारण सगळ्यांना माहीत होतं. नेमेसियाचा नवरा ओलेगारिओ गावातला उत्तम ढोलकरी. एका रविवारी चुलीवर घेवडा रटरटत असताना त्यानं ढोल काखेत मारला आणि चार घरं पलीकडे दिग्नाकडे राहायला गेला. गाव सोडून गेला असता तरी एक वेळ चाललं असतं. चार घरं पलीकडे! तेव्हापासून नेमेसियानं त्याचं नाव टाकलं. त्याला ती नुसतं ‘मेला’ म्हणायची. मागच्या वर्षी तो खरोखरच गेला, तरी शब्द बदलला नाही.

आणि आता दिग्नाचं घर बसलं. वाळवीनं खांब खाल्ले आणि मागची भिंत कुडासकट आडवी झाली. दिग्ना आंधळ्या आईला घेऊन पत्र्याच्या आडोशाला राहू लागली. खांब नवे रोवले, वेळूचे कूड बांधून झाले, कौलं उतरवून ठेवली. राहिला चिखल. तो एकट्यादुकट्याचा नव्हे. खड्ड्यात माती, गवत आणि पाणी घालायचं, साऱ्या गावानं उतरून तुडवायचं आणि त्याच दिवशी चारी भिंती लिंपायच्या. ढोल आणि गाणारी नसली तर पायांना ठेका मिळत नाही, तासाभरात माणसं पांगतात. गाणारी म्हणाल तर गावात एकच होती.

घरवालीनं स्वतः गाणारीच्या दारात जाऊन बोलावणं करायचं, ही रीत. दिग्ना आली आणि कुंपणाबाहेर उभी राहिली.

“शनिवारी माझा चिखल आहे,” ती म्हणाली.

“मग लोळ त्यात. मला कशाला सांगतेस?”

“रीत आहे म्हणून सांगते. यायचं तर ये, नाही तर नको येऊस.”

“बोलावणं करायला आलीस का उपकार करायला, गं? पाय आत टाकलास तर तंगडी मोडीन.”

“टाकलाय का?” दिग्ना म्हणाली आणि चालती झाली.

त्याच दुपारी तालुक्याहून संस्कृती समितीच्या इत्सेलबाई मोटारीतून आल्या. शनिवारीच त्यांचा वारसा महोत्सव होता. तालुक्याच्या मैदानात मांडव घालून गावकऱ्यांकडून ‘पारंपरिक घर’ लिंपून घ्यायचं होतं. ट्रक येणार, जेवण फुकट, प्रत्येकाला सदरा. नेमेसियासाठी कडक इस्त्रीचा झालरीचा घागरा आणि गाण्याचा छापील कागद आणला होता.

“हे काय?” नेमेसियानं विचारलं.

“तुमच्या ओळी, मावशी. जरा स्वच्छ करून घेतल्यात. पाहुणे येणार ना, शिव्या बऱ्या दिसत नाहीत.”

“आणि घर? कोण राहणार त्यात?”

“राहणार कोण? रविवारी उतरवायचंच आहे ते.”

“पाडायला बांधायचं?”

“दाखवायला, मावशी.”

बाई गेल्यावर म्हातारा ब्रेदिओ कुंपणाशी आला. ओलेगारिओ गेल्यापासून ढोल तोच वाजवायचा. “तू ट्रकमध्ये चढलीस तर सगळं गाव चढेल,” तो म्हणाला, “आणि त्या आंधळ्या म्हातारीच्या डोक्यावर पत्राच राहील. एवढं सांगून ठेवतो.”

“म्हातारीनं पोरीला वळण लावलं असतं तर माझ्या डोक्यावर नवरा राहिला असता.”

“बघ बाई. पण चिखलात बोललेलं भिंतीत जातं, हे तुला ठाऊक आहे.”

गावात हे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. चिखल तुडवताना गाणारीनं कुणाची कितीही सालटी काढावीत. घरवालीनं तोंड उघडायचं नाही, राग धरायचा नाही. सगळं भिंतीत लिंपलं जातं आणि तिथेच राहतं. नेमेसियाच्या डोळ्यांत चमक आली. पहाटे दोन ओळी आटपायच्या आत दिग्ना वळणापलीकडे जायची. इथे पूर्ण दिवस! सारं गाव ऐकायला आणि ती बया बादली घेऊन समोर!

कुणी म्हणेल, नेमेसियाचं मन मोठं. मोठंबिठं काही नव्हतं. शनिवारी ट्रक रिकामा परत गेला, तो निव्वळ तिच्या खुनशीपणामुळे.

झालर नाही न घागरा नाही, जुना परकर खोचून ती खड्ड्यात उतरली. ब्रेदिओनं ढोलावर थाप मारली.

“शेजारणीचा कोंबडा हिनं चोरून नेला गं,
आरवायचा राहिला, खुडूक होऊन मेला गं!”

खड्डा हसून फुटला. पुरुष एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून तुडवू लागले, बायका टाळ्या वाजवत ओळ धरू लागल्या.

“नाक हिचं नकटं, चाल हिची तिरकी,
काय बघून मेल्यानं घेतली हो गिरकी!”

दिग्ना येऊन पाणी ओते आणि जाई. मान खाली, ओठ घट्ट. तिच्या स्वयंपाकावर झालं, केसांवर झालं, वांझपणावर झालं. तेव्हा दोघीतिघींनी टाळी आखडती घेतली, पण नेमेसिया थांबली नाही. मक्याची आंबवलेली दारू, चिचा, भोपळ्यांतून फिरत होती. दुपारी दिग्नानं केलेला सांकोचो, कोंबडीचा रस्सा, सगळ्यांनी ओरपला. नेमेसियानंही दोन वाट्या खाल्ल्या आणि ‘पाणचट आहे’ म्हणून त्यावरही एक जुळवलं. चिखलाचे गोळे खड्ड्यातून कुडावर सपासप बसत होते. इतक्या लवकर भिंत वर आलेली कुणाला आठवत नव्हती. द्वेषाला केवढा जोर असतो!

ऊन उतरलं तेव्हा शेवटची भिंत उरली होती आणि नेमेसियाजवळच्या ओळी संपत आल्या होत्या.  मग आवाज चढवायच्या ऐवजी तिनं उतरवला.

“आजारी तो पडला तरी निरोप नाही आला गं,
चर्चच्या घंटेनं कळलं, माझा मेला मेला गं.”

ही ओळ गावानं कधी ऐकली नव्हती. धरायला कुणी पुढे आलं नाही. ब्रेदिओचा हात ढोलावर तसाच राहिला. दिग्ना भरली बादली घेऊन खड्ड्याच्या काठाशी उभी होती. तिचे ओठ हलले, पण घरवालीला बोलायची मुभा नव्हती.

“ओत की पाणी!” नेमेसिया खेकसली. “चिखल वाळतोय तुझा!”

दिग्नानं पाणी ओतलं. ढोल पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेमेसिया सवयीनं कुंपणाशी आली. गाव अंथरुणात कान टवकारून पडलं होतं. दिग्ना बादली घेऊन येताना दिसली. नेमेसियानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. नाक, चाल, कोंबडा, सांकोचो, सगळं काल गाऊन झालं होतं. भिंतीत गेलेलं पुन्हा जिभेवर घ्यायचं नसतं. एक ओळ शिल्लक असेल तर शपथ.

वीस वर्षांत पहिल्यांदा दिग्ना पाण्याला जाताना थांबली. “काय गं? घसा बसला?”

“चोरटे!” नेमेसिया ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही तिला राग आला. “नवरा नेलास तो नेलास. आता माझ्या शिव्याही नेल्यास! रोज उठून मी करू काय?”

दिग्नानं बादली या हातातून त्या हातात घेतली. “मला काय विचारतेस? नव्या जुळव. मी उद्याही येणारच आहे पाण्याला.”

ती गेली. नेमेसिया तिच्या पाठीमागे रस्त्यावर थुंकली आणि घरात जाऊन, चूल पेटवायच्या आधी, पहिली ओळ शोधायला बसली.