निहारच्या डोळ्यांतला कॅचलाइट

निहारच्या डोळ्यांतली ती चमक त्याची नव्हती. माझ्या लाइटची होती.

आज त्याला जाऊन एक वर्ष झालं. सकाळपासून त्याचा तोच सीनियर पोर्ट्रेट सगळ्यांच्या स्टेटसला आहे, आणि खाली तेच वाक्य. किती बोलके डोळे, बघून कुणाला वाटलं असतं का?

नसतंच वाटलं. वाटू नये म्हणूनच तर मला बोलावतात.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी अमेरिकेत, एडिसनला राहते. आयटीतली नोकरी सोडून फोटोग्राफी करते. आपल्या मराठी मंडळातली पोरं हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात गेली की त्यांचे सीनियर पोर्ट्रेट्स बहुतेक मीच काढते.

निहार माझ्या मैत्रिणीचा, मेधाचा मुलगा. सतरा वर्षांचा. मला मावशी म्हणायचा.

मागच्या वर्षी याच दिवशी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं.

हो, स्पष्टच लिहितेय. "अचानक गेला" असं म्हणत आम्ही वर्ष काढलं. परवा मेधाच म्हणाली, लिही गं आता, लपवून काय मिळालं?

कारण विचारू नका. कॉलेजचं टेन्शन होतं का, कुणी मुलगी होती का, हे सगळं मंडळाच्या पार्किंग लॉटमध्ये कुजबुजून झालंय. आम्हाला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे असं वाटतं, त्यांनी कृपा करून मला तोंड दाखवू नये.

तर तो फोटो.

तो जाण्याआधीचा ऑक्टोबर होता. तळ्याकाठचा पार्क, लाल झालेली पानं, उतरतं ऊन.

अशा उन्हात मुलाला सूर्याकडे पाठ करून उभं करायचं. केसांना सोनेरी कड येते, मागची झाडं धूसर होतात, सगळं कसं छान दिसतं. फक्त चेहरा काळवंडतो आणि डोळ्यांच्या जागी खोबण्या दिसतात.

म्हणून समोरून, डोळ्यांच्या थोडा वर, मी फ्लॅशवर पांढरं कापड ताणलेला मोठा सॉफ्टबॉक्स लावते. फ्लॅश उडाला की बुबुळात एक छोटा पांढरा ठिपका उमटतो. त्याला कॅचलाइट म्हणतात.

तो नसेल तर माणूस निर्जीव दिसतो. या धंद्यात शिरताना हे पहिलं शिकवतात.

मेधाला एक फोटो सुटातला हवा होता आणि एक कुर्त्यातला, नाशिकच्या आजीला पाठवायला. निहार कारमध्ये जाऊन निमूट कपडे बदलून आला. नाहीतर ही पोरं काय नखरे करतात ते मला विचारा. हा गुणी.

गुणी मुलांची मला आता भीती वाटते.

"मावशी, डू आय हॅव टू स्माइल?" त्याने विचारलं.

"नको रे राजा. फक्त माझ्याकडे बघ. बाकीचं लाइट करेल."

केलं लाइटने.

मेधाने त्याचा मोठा प्रिंट करून घेतला होता, ग्रॅज्युएशन पार्टीत दाराशी ठेवायला. तो फ्युनरल होममध्ये दाराशी ठेवला.

त्यानंतर वर्षभर ती त्या फोटोच्या जोरावर जगली. प्रत्येक फोनवर तेच. ऑक्टोबरमध्ये तो खूश होता गं, डोळे बघ ना त्याचे. म्हणजे जे काय बिनसलं ते नंतर बिनसलं. म्हणजे आधीची सतरा वर्षं तरी खरी होती.

मी "हो" म्हणायचे. बुडत्याला काडीचा आधार. ती काडी मी कुठल्या तोंडाने काढून घेणार होते?

गेल्या रविवारी तिचा फोन आला. त्या दिवशीचे सगळे फोटो हवे होते. निवडलेले नको, सगळेच.

मी टाळलं. जुनी हार्ड डिस्क आहे, शोधावं लागेल, काहीबाही सांगितलं. तिने ऐकलं नाही. शेवटी लॅपटॉप घेऊन तिच्या घरी गेले.

त्यातल्या एका फोटोची मला धास्ती होती. मी घाईत लागोपाठ बटण दाबलं होतं आणि फ्लॅश उडालाच नव्हता. असे फोटो मी डिलीट करते, हा कसा कोण जाणे राहून गेला. निहार गेल्यावर तो मला सापडला, आणि मग डिलीट करायचा धीर झाला नाही.

तोच कुर्ता, तेच ऊन, तोच मुलगा. चेहऱ्यावर सावली. डोळ्यांत ठिपका नाही.

आता एक गोष्ट नीट वाचा. फ्लॅश न उडालेल्या फोटोत कुणाचंही पोर असंच दिसतं. तुमचंही, माझंही. त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. मेधा कोसळली तर तिला हेच सांगायचं, असं मी गाडीत घोकत गेले होते.

ती एकेक फोटो पुढे सरकवत होती. त्या फोटोपाशी थांबली.

कोसळली वगैरे नाही. डोळ्यांना पदर नाही, रडणं नाही. नुसती बघत राहिली. मग स्क्रीनवर त्याच्या गालापाशी बोट ठेवलं.

"हा आमचा निहार," ती म्हणाली. "हाच चेहरा मी रोज जेवायला वाढताना बघत होते. मला वाटायचं, दमलाय."

मी घोकलेलं वाक्य तिला नकोच होतं.

शेवटी "आपापल्या मुलांकडे नीट बघा" असं लिहिणार होते. पण बघत तर मेधाही होती. रोज बघत होती. बघून कळत नाही हो.

विचारा. जगणं नकोसं वाटतंय का, असं सरळ शब्दांत विचारा, उत्तर आलं नाही तरी पुन्हा विचारा. स्वतःला असं काही वाटत असेल तर कुणालाही सांगा. मला सांगा. माझा फोन चालू असतो.

यापलीकडे माझ्याकडे शहाणपण नाही.

निहार, श्रद्धांजली हा शब्द तुझ्या नावापुढे लिहवत नाही मला. कधीच हसला नसतास तरी चाललं असतं रे. तू हवा होतास.