सासऱ्यांसाठी गोव्याची बाटली

हे आता कुठल्या तोंडाने सांगू? पण चहा तुम्ही पाजताय, म्हणजे ऐकावंही तुम्हालाच लागणार!

माझं आणि प्राजक्ताचं जमलंय, हे तिच्या घरी नुकतंच कळलेलं. तिचे वडील दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार. मिशा अशा, की मी नमस्कार दोनदा केला. मी मित्रांबरोबर गोव्याला निघालोय म्हटल्यावर म्हणाले, "आना मंग कायतरी. पन आपल्याकडं मिळत नाय असं!"

झालं! मी ती परीक्षाच समजलो.

गोव्यात काय दिवे लावले ते विचारू नका. फिश थाळी समोर आली, तर आमचा सम्या वेटरला विचारतो, "दादा, एक्स्ट्रा तर्री?" आणि नाइटलाइफ? अर्धी रात्र पार्किंग शोधण्यात गेली, उरलेली "फक्त कपल्सना एन्ट्री" ऐकण्यात. चार टगे, चौघांचे सेम फुलाफुलांचे शर्ट. कोण घेणार आत?

शेवटच्या दिवशी वाइनच्या दुकानात शिरलो. "भाऊ, आमच्याकडं मिळत नाही अशी द्या. एकदम फॉरेनवाली!"

त्याने मला शर्टासकट न्याहाळलं. "टुरिस्ट लोक हीच नेतात, सर."

बाटलीवर डोंगराचं चित्र, नाव तोंडात न मावणारं. म्हटलं, पोर्तुगाल! पक्कं पोर्तुगाल!

रीतसर परवाना काढला, बाटली जीन्समध्ये गुंडाळली आणि नाशिकपर्यंत मांडीवर घेऊन बसलो. सम्या झोपेत कलंडला की ओरडायचो, "अरे, सासरा फुटेल!"

रविवारी दिंडोरी गाठली. दोन्ही हातांनी बाटली पुढे केली. "काका, खास पोर्तुगालची. आपल्याकडं औषधालाही मिळत नाही."

काकांनी बाटली पाहिली. मग मला पाहिलं. मग खांद्याला धरून अंगणात नेलं.

"पाव्हणं, समोर काय दिसतंय?"

"डोंगर."

"आन् बाटलीवर?"

तोच! टोकाची खाचसुद्धा तीच!

"त्याच्या पायथ्याला वायनरी हाय. दर साली आपलाच माल जातो तिथं. आमी अजून गोवा नाय बघितला, पन आमची द्राक्षं बघून आली बरं का!"

आतून प्राजक्ताचं खिदळणं. नाशिकची वाइन मला माहीत नव्हती का? होती हो! पण तो शर्ट अंगात चढला, की डोकं उतरतं.

संपलं, म्हटलं. मी चपला शोधायला लागलो. तेवढ्यात काका घरात बघून ओरडले, "अगं, साखर आन! पोरगा पसंत हाय!"

काकू दारात. "इतक्यात? असं काय पाहिलंत त्याच्यात?"

"अगं, ह्यो काय फसवतोय आपल्या पोरीला? ह्यालाच कुनीबी फसवतंय!"