फिटरमामांचा दोरा

फिटरमामांचा विश्वास माणसांवर चटकन बसायचा, चौकटींवर कधीच नाही. खिशात दोऱ्याची गुंडी घेऊन हिंडणारा दुसरा माणूस मी बुऱ्हाणपुरात पाहिला नाही. पॉवरलूम बसवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. कुणाकडे नवा दरवाजा किंवा पलंग दिसला की समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोरा ताणायचे. दोन्ही तिरपी मापं सारखी भरली तर चौकट सरळ, नाहीतर वाकडी. एकदा त्यांनी आमचा देव्हारासुद्धा नापास केला, आणि आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

मी शाळेत गणित शिकवतो. उरलेल्या वेळात अंगणात गाडी बांधत होतो. दोन माणसांची, उघडी, जुन्या जीपचं इंजिन घातलेली. शेजारीपाजारी मला वेड्यात काढत, मामा तेवढे रोज येऊन इंजिनाची विचारपूस करत. चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, मात्र माझ्या आकृतीवरून बाहेरगावच्या एका कारखान्यात करायला दिली होती. ती आली त्या दिवशी मी शाळेला दांडी मारली.

ट्रकमधून उतरलेली चासी काळ्या रंगात अशी चमकत होती की मला काही सुचेना. आईनं तबक आणून कुंकू लावलं, हार घातला. ड्रायव्हर माल पोहोचल्याची बिल्टी पुढे करून घाई करत होता. मी सहीसाठी पेन काढलं, तेवढ्यात मामा आले.

"पहले माप भाऊ, बाद में हार," ते म्हणाले.

त्यांनी चासी विटांवर ठेवायला लावली, पाण्याची नळी धरून चारही कोपरे एका पातळीत आणले आणि दोरा ताणला. पहिल्या मापाला गाठ मारली. दुसऱ्या बाजूला तीच गाठ कोपऱ्याला पोहोचायला अर्धं बोट कमी पडली. दोरा सैल झाला असेल, मी म्हटलं. त्यांनी पहिलं माप पुन्हा घेतलं. गाठ बरोबर जागेवर बसली. मग मी चिडलो. दोन वर्षं वाट पाहिली होती, अर्ध्या बोटानं काय बिघडतंय, म्हणून सही करायला निघालो. मामांनी माझा हात धरला.

"लूमची फ्रेम तिरपी निघाली तर कपडा खराब होतो, तो फेकता येतो. यात तू बसणार आहे."

मी पेन खिशात ठेवलं. गणिताचा मास्तर असून कर्ण मोजायचं मला सुचलं नव्हतं, याची लाजही वाटली.

आता आई अडून बसली. कुंकू लागलेली वस्तू परत पाठवायची नसते, असं तिचं म्हणणं. मामा अगदी गंभीरपणे म्हणाले, "ताई, नवी नवरी एकदा माहेरी जातेच ना. चार दिवस राहून येईल." आईला हसू आवरेना. तिनं हारासकट चासीची पाठवणी केली.

महिन्याभरानं कारखान्यातून दुसरी चासी आली. गाठ दोन्हीकडे नेमकी बसली. मामांनी तिसऱ्यांदाही मापलं, केवळ आनंदासाठी.

गाडी तयार झाल्यावर पहिली फेरी इच्छापूरला, देवीच्या दर्शनाला. शेजारी मामा. सरळ, मोकळ्या रस्त्यावर त्यांनी मला स्टेअरिंग सोडायला सांगितलं. मी सोडलं. गाडी रेषेत धावत राहिली. मामा खेकसले, "धर आता, मारतो का मला?" आणि डोळे पुसले. वाऱ्यानं पाणी आलं, म्हणाले.

मामा गेल्या उन्हाळ्यात गेले. तो रस्ता मोकळा मिळाला की मी अजूनही हात सोडतो. गाडी सरळच जाते. पण स्टेअरिंग लगेच धरतो. धर म्हणणारं शेजारी कुणी नसतं.